फुलांच्या गादीपासून टेंडरच्या डोंगलपर्यंत

पुण्याहून साताऱ्याला जाताना कात्रजचा जुना बोगदा आता फार थोड्यांच्या वाट्याला येतो. नवा बोगदा झाला, हायवे रुंद झाला, आणि आपण सगळे शुक्रवारी रात्री लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन झोपेतच खंबाटकीपर्यंत पोचतो. पण तो जुना बोगदा एकदा मुद्दाम बघावा असा आहे. त्याच्या कामावर मजूर लावण्याशी एका ठेकेदाराचा संबंध होता, आणि त्या ठेकेदाराचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. नाव जोतीराव गोविंदराव फुले.

हो, तेच. महात्मा फुले.

शाळेत आपण मुलींची शाळा (१८४८), सत्यशोधक समाज (१८७३), पगडी आणि उपरणं एवढं शिकलो. हा माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा हे कुणी शिकवलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. महात्म्यांना पोटपाणी असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही! पण शाळा चालवायला पैसा लागतो, पुस्तकं छापायला लागतो, आणि लोकांची नाराजी ओढवून घ्यायची असेल तर जास्तच लागतो. हा पैसा आला कुठून, असं बघायला लागलं की एकदम सरकारी कंत्राटांच्या दारात जाऊन उभे राहतो.

गंमत म्हणजे या घराण्याचं आडनावच मुळी एका सरकारी कामातून आलंय. मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा कटगुणला चौगुला होते, म्हणजे पाटलाच्या हाताखालचा गावकामगार. तिथून बिऱ्हाड हललं ते पुणे जिल्ह्यातल्या खानवडीला. आजोबा शेटिबा यांच्या काळात होतं नव्हतं ते गेलं आणि ते तीन मुलांना घेऊन पुण्यात आले. मुलं एका फुलवाल्याच्या हाताखाली लागली, काम शिकली, आणि इतकी तरबेज झाली की थेट दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यावर माल जायला लागला. नुसते हार-गजरे नाहीत, फुलांच्या गाद्या! समारंभांची सगळी फुलांची आरास. पेशवा खूश झाला आणि ३५ एकर जमीन इनाम दिली, बिनसाऱ्याची. लोक गोऱ्हे म्हणायचे थांबले, फुले म्हणायला लागले.

म्हणजे आजच्या भाषेत तीन भावांची एक छोटी सर्व्हिस फर्म, एकच मोठा क्लायंट, आणि तो क्लायंट म्हणजे सरकार. पुढे काय झालं? इनाम मिळाल्यावर थोरल्या भावाने ते एकट्याच्या ताब्यात घेतलं. धाकट्या दोघांच्या, म्हणजे जोतीरावांच्या वडिलांच्याही, हाताला शेती आणि फुलांचं दुकान एवढंच राहिलं. १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा तो क्लायंटही गेला. मला या गोष्टीत पेशव्याच्या खुशीपेक्षा थोरल्या भावाने केलेली कागदांची हुशारी जास्त महत्त्वाची वाटते. काम तिघांनी केलं, पण लाभ ज्याच्या हाती कागद त्याला.

जाता जाता, 'मक्ता' हा शब्दही त्या काळात जोरात होता. दुसऱ्या बाजीरावाने महसूल गोळा करायचं कामसुद्धा मक्त्याने द्यायला सुरुवात केली होती. जास्त बोली लावेल त्याला परगणा, मग त्याने रयतेकडून वसूल करावं जमेल तसं. आज आपण 'मक्तेदारी' म्हणतो ती याच कुळातली.

इंग्रजांचं राज्य आल्यावर सरकारी कामाचा चेहरा बदलला. १८५४ साली डलहौसीने सार्वजनिक बांधकामाचं वेगळं खातं काढलं, आपलं पी.डब्ल्यू.डी. रस्ते, पूल, कालवे, कचेऱ्या, तुरुंग. एवढी कामं सरकार स्वतः मजूर लावून करणार नव्हतं, ती ठेक्याने जायची. मोठे ठेके विलायतेच्या मंडळींकडे. भोर घाटातल्या रेल्वेचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे होता. तो १८५९ साली इथे आला आणि काही दिवसांतच आजाराने गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, दोन इंजिनिअर नेमून तो ठेका पुरा केला. (या बाईवर कुणीतरी सिनेमा काढा रे!) पण मोठ्या ठेक्याच्या खाली शेकडो छोटी कामं असतात: दगड पुरवणं, चुना पुरवणं, मजुरांच्या टोळ्या आणणं. तिथे देशी माणसाला शिरकाव होता.

जोतीराव शिरले ते इथे. १८६३ च्या सुमाराला त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य पुरवायचा व्यवसाय सुरू केला होता. १८७० च्या दशकात खडकवासल्याच्या धरणाचं काम चाललं होतं, त्याला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा तुरुंग या कामांवरच्या मजुरांशी त्यांचा संबंध आला, असे उल्लेख चरित्रांत आहेत. मांजरीला त्यांची शेती होती. म्हणजे शेतकरी, पुरवठादार, ठेकेदार आणि फावल्या वेळात (?) समाजक्रांती.

यात मला सगळ्यात जास्त रस आहे तो त्यांनी त्या खात्यात काय पाहिलं यात. सरकारी बांधकामात पैसे कसे सुटतात बघा. काम झालं की खात्याचा माणूस येऊन ते मोजतो, मोजमाप पुस्तकात लिहितो, त्यावरून बिल बनतं, बिल साहेबाकडे सहीला जातं, मग पैसे. आजही ठेकेदार मंडळींच्या तोंडी 'एम.बी.' हा शब्द देवाच्या नावासारखा असतो. एम.बी. झाली का, एम.बी. कुणाच्या टेबलावर आहे, एम.बी.वर सही झाली का... त्या काळी वर सही करणाऱ्या गोऱ्या साहेबाला मराठी येत नव्हतं, खाली खडी फोडणाऱ्याला अक्षर येत नव्हतं, आणि मधे लेखणी ज्याच्या हातात होती तो एकाच जातीचा होता. फुल्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणारा राग या मधल्या लेखणीवरचा आहे. शिक्षणाचा त्यांचा आग्रह आपण फार उदात्त पातळीवर नेऊन ठेवलाय, तो तसा आहेच. पण मजुराच्या नावापुढे किती दिवस लिहिलेत हे त्याला स्वतःला वाचता आलं पाहिजे, हा त्यातला रोकडा भाग आपण विसरतो. ठेकेदारी केलेल्या माणसाला तो विसरता येणं शक्य नव्हतं.

आणि हा माणूस टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसला. १८७६ ते १८८३ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर हजार रुपये उधळायचं ठरवलं, तेव्हा हे पैसे शिक्षणावर खर्चा म्हणून विरोध करणारे तेच. मोठी मंडई बांधायच्या बेतालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई शेवटी झाली, रे मार्केट या नावाने. आज तिचं नाव काय आहे माहितीये ना? महात्मा फुले मंडई. :)

सत्यशोधक समाजाला मुंबईतून पाठबळ देणारी मंडळी कोण होती, तर त्यातही बांधकामाचे ठेकेदार. व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू, नरसिंग सायबू वडनाला, रामय्या व्यंकय्या अय्यावारू. सगळे तेलुगू भाषक. मुंबई बांधायला आले आणि तिथेच स्थिरावले. ज्या चळवळीने पुढे सातारा-सांगलीच्या गावागावांत मूळ धरलं, तिच्या पहिल्या दिवसांत दगड-चुन्याच्या धंद्यातला पैसा होता. मला हे फार आवडलं. शेवटी मात्र जोतीरावांकडे काही उरलं नव्हतं. १८८८ साली पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, डाव्या हाताने पुस्तक लिहून काढलं. १८९० साली मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहिलं, या माणसाला मदत करा म्हणून. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ते गेले. सरकारी ठेक्यांतून गडगंज झालेल्यांच्या यादीत हे नाव नाही.

आता जरा दक्षिणेला येऊ. माझं कॉलेज सांगलीचं, वालचंद. १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, १९५५ साली वालचंद हिराचंदांचं नाव मिळालं. कॉलेजात वालचंद म्हणजे विमानं, जहाजं, मोटारी. पण हे सगळं फार नंतरचं. सोलापूरच्या या साहुकाराच्या मुलाने पहिल्यांदा हात घातला तो रेल्वेच्या ठेक्यांत, लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून. काम होतं बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे तुकड्याचं. (हीच बार्शी लाइट पुढे १९२७ साली मिरजेला येऊन पोचली.) कंपनी लंडनची, पण कामाची पद्धत तीच: निविदा, मोजमाप, बिल, वाट बघणं.

'फाटक-वालचंद' ही जोडी माझ्या मते या धंद्याचं अख्खं पाठ्यपुस्तक आहे. एकाला कागद कळत होता. दर कसे लावतात, अटी कुठे अडकवतात, साहेब कशावर चिडतो हे रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसाला जितकं माहीत तितकं कुणाला असणार? आणि दुसऱ्याच्या घरी पैसा होता, म्हणजे बिल उशिरा आलं तरी मजुरांचा हप्ता चुकत नव्हता. कागद समजणारा आणि थांबू शकणारा. यातला एक जरी नसता तर आज त्या कॉलेजला बहुधा दुसऱ्या कुणाचं नाव असतं.

किर्लोस्करांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लक्ष्मणराव बेळगावला होते, सुरुवात सायकलच्या दुकानापासून. १९१० साली नगरपालिकेच्या विस्तारात त्यांचा कारखाना उठला. त्या सुमाराला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना औंधला बांधकामाचं काम दिलं, आणि मग कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ, वर बिनव्याजी कर्ज. निवडुंग आणि नाग यांच्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आज सांगली जिल्ह्यात. (सांगली जिल्हा म्हणजे आधीचा दक्षिण सातारा. १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालं, त्यामुळे दोन जिल्हे एकत्र धरले म्हणून सांगलीकरांनी रागावू नये.) इथला क्लायंट राजा होता, काम देताना त्याला तीन कोटेशन लागत नव्हती. लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली, तेवढा वेळ लक्ष्मणरावांना मिळाला. सगळ्यांच्या नशिबी औंधचा राजा नसतो.

हे सगळं मी वाचायला लागलो ते माझ्या कराडच्या चुलतभावामुळे. दादाचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीच्या देखभालीचा धंदा आहे, हाताखाली सहा पोरं. दुकानदार, पतसंस्था, दोन-चार शाळा असे गिऱ्हाईक. त्याला सरकारी काम हवं होतं आणि घरात 'आयटीवाला' मी एकटाच, त्यामुळे डोंगल चालत नाही, ब्राउझर साइट उघडत नाही, या सगळ्याला जबाबदार मीच. दोन शनिवार-रविवार मी त्याच्याबरोबर निविदांची कागदपत्रं वाचली. सांगतो, आपल्या अमेरिकन क्लायंटची कॉन्ट्रॅक्टं यापुढे बालभारती आहेत.

वरवर बघितलं तर दारं पूर्वीपेक्षा पुष्कळ उघडी आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राचं खरेदी धोरण २०१२ पासून आहे: एकूण खरेदीच्या २५ टक्के त्यांच्याकडून, त्यातही ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. उद्यम नोंदणी असेल तर अनामत रकमेतून सूट. जेम पोर्टल २०१६ साली आलं, राज्याचं महाटेंडर्स आहे. मात्र हे केंद्राचं धोरण वस्तू आणि सेवांना आहे, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. महाराष्ट्रात छोट्या बांधकामांसाठी वर्षानुवर्षं वेगळं गणित चालत आलं, ३३:३३:३४ चं. ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, उरलेली खुल्या ठेकेदारांना. कल्पना किती सुंदर बघा, मधला ठेकेदार काढून मजुरांचीच संस्था करायची. कागदावर फुल्यांनाही आवडली असती. प्रत्यक्षात कितीतरी मजूर संस्थांच्या कारभारात खडी न फोडलेलेच हात फार दिसतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

पण दार उघडं असणं वेगळं आणि आत गेल्यावर टिकणं वेगळं. दादाला मी एक एक्सेल शीट करून दाखवली. एखाद्या कचेरीतलं साफसफाईचं काम धरा, दहा माणसांचं. पगार, पीएफ, ईएसआयसी, फिनेल-झाडू धरून महिन्याला दोन लाखांचं बिल. नफा दहा टक्के, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. सोपं म्हणून अडकलेली रक्कमही बिलाइतकीच धरू. माणसांना पगार दर महिन्याला द्यायचा, पीएफचं चलन बिलाला जोडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, म्हणजे तेही आधी भरायचं. आता बिल चार महिने मागे चालत असेल तर आठ लाख कायम अडकलेले. ते शेकडा दोनने आणले तर महिन्याला १६ हजार व्याज, वर्षाचं १ लाख ९२ हजार. उरले ४८ हजार. आणि बिल पाच महिने मागे गेलं तर? दहा लाख अडकले, व्याज २ लाख ४० हजार. नफा बरोब्बर शून्य. सहाव्या महिन्यापासून आपण सरकारी कचेरी स्वखर्चाने झाडतोय!

दादा शीटकडे बघत म्हणाला, "म्हणजे टेंडर आपण दराने जिंकतो, पण मरतो तारखेने." त्याचं एक बिल एका कार्यालयात सात महिने पडून होतं, त्यामुळे त्याला हे कळायला शीटची गरज नव्हती. कायदा आहे, २००६ चा. छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ साली समाधान पोर्टल आलं. मी उत्साहाने त्याला म्हटलं, कर ना तक्रार. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी नुकताच परदेशातून उतरलोय. "आणि पुढचं काम?" त्याने विचारलं. मी लॅपटॉप बंद केला.

यात 'बिलो'ची भर घाला. अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली दर भरला त्याला बिलो म्हणतात. वीस बिलो, पंचवीस बिलो. सगळ्यात कमी दरवाल्याला काम, त्यामुळे नवा माणूस आत यायला म्हणून बिलो जातो, आणि जुना माणूस त्याला घालवायला म्हणून आणखी बिलो जातो. जो आधीच मोठा आहे तो काम घेतो आणि तुकडे करून खाली वाटतो. खालचा माणूस काम करतो, पण सरकारच्या दफ्तरात त्याचं नावच नसतं.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळ नेण्याची कामं त्याने केली होती, आणि सुमारे १ कोटी ४० लाख रुपये थकले होते असं बातम्यांत आलं. ठेकेदारांच्या संघटनांनी तेव्हा राज्यभरातल्या वेगवेगळ्या खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी थकल्याचा दावा केला. सरकारी बाजूने जे उत्तर आलं ते मी दोनदा वाचलं. त्याच्या नावावर काम नव्हतं, तो उपठेकेदार असावा, अशा अर्थाचं ते होतं.

कागदोपत्री ते बरोबरही असेल. मोजमाप पुस्तकात ज्याचं नाव, देणं त्याचं. बातमीप्रमाणे तो माणूस आपल्यापेक्षा काही फार मोठा नव्हता, पस्तिशीच्या आसपासचा. आपल्यातले किती जण नोकरी सोडून 'काहीतरी आपलं' करायच्या गप्पा हिंजवडीच्या टपरीवर मारतो! आपला क्लायंट पैसे देईपर्यंत आपला पगार कंपनी देते. नव्वद दिवसांच्या क्रेडिटचं ओझं कुणीतरी दुसरा वाहतो, म्हणून आपल्याला एक तारीख ही निसर्गनियमासारखी वाटते.

दादाने शेवटी काय केलं ते सांगतो. साफसफाई, मनुष्यबळ पुरवठा अशी पगाराची कामं त्याने सोडून दिली. देखभालीची एकच छोटी निविदा भरली, तीन महिन्यांनी एकदा बिल असलेली, सहा पोरांपैकी दोघांत भागणारी. दर सात बिलो. जास्त खाली जायचं नाही असं त्याने आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. वहिनी अर्बन बँकेत होत्या, आता दादाची बिलं त्याच बनवतात आणि प्रत्येक कागदाची पोच घेतात, तारीख आणि शिक्क्यासकट. पोच दिल्याशिवाय त्या टेबलासमोरून हलत नाहीत, असं ऐकतो. तांत्रिक लिफाफा उघडलाय, आर्थिक लिफाफा पुढच्या गुरुवारी उघडणार आहे.